दोन बोटं माया

माझं वजन कमी झालंय ही गोष्ट आमच्या बँकेत सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आली असेल, तर ती माझ्या खुर्चीच्या. काउंटर नंबर तीनची ही फिरती खुर्ची गेली सहा वर्षं मी बसले की एक दीर्घ सुस्कारा सोडत असे. तो इतका नेमका होता, की पलीकडच्या काउंटरवरचे सहकारी मान वर न करता ‘मॅडम आल्या’ हे ओळखत. एका सोमवारी मी बसले आणि खुर्ची गप्प. उठून पुन्हा बसले. तरी गप्प. समोर पासबुक घेऊन उभे असलेले पेन्शनर आजोबा म्हणाले, “काही हरवलंय का, बाई?” आता त्यांना काय सांगणार? चौदा किलो हरवलेत म्हणून?

हरवले नव्हते म्हणा, घालवले होते. त्याची हकीकत थोडक्यात सांगते. कारण वजन कमी केलेल्या माणसाला त्याविषयी सविस्तर बोलू दिलं, तर ऐकणाऱ्याचंही कमी होतं. शाखेत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. फुकट आहे म्हणून मी रक्त दिलं. साखरेचा तीन महिन्यांचा सरासरी आकडा ६.२ निघाला. ५.७ ते ६.४ म्हणजे माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आत गेलेला नाही, पण चपला काढून झालेल्या आहेत. मग डॉक्टरांनी कमरेभोवती टेप फिरवला. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या. माझी भरली १०२. पुरुष असते तरी नापासच झाले असते.

“घरात कोणाला शुगर होती का?” डॉक्टरांनी विचारलं.

“आईला होती,” मी म्हटलं. आणि का कोण जाणे, त्यापुढं मला काही विनोद सुचला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे वाशीच्या मिनी सी-शोरला फेऱ्या सुरू झाल्या. भात वाटीनं मोजायचा, साखर नजरेनं बघायची आणि शाखेतल्या वाढदिवसांचा केक दुरून ओवाळायचा. चालताना मैत्रिणी खाडीतल्या फ्लेमिंगोंचं कौतुक करत. मला त्या पक्ष्यांचा मनस्वी राग यायचा. दिवसभर चिखलात चोच खुपसून खात असतात आणि पाय बघावेत तर काडीपैलवान!

चौदा महिन्यांत मी ८२ किलोंवरून ६८ वर आले. माझी उंची १५७ सेंटिमीटर. मुलीनं मोबाइलवर हिशेब करून सांगितलं, “आई, तुझा बी.एम.आय. तेहेतीसवरून साडेसत्तावीसच्या आसपास आला.” मी पेढे आणायला निघणार, तोच ती म्हणाली, “पण आपल्या लोकांना पंचविसाच्या वर लठ्ठच धरतात. अमेरिकेत तिशीच्या वर धरतात.” म्हणजे मी नुसतं विमानात बसून तिकडं उतरले, तर एका घासाचाही त्याग न करता एक इयत्ता खाली येणार होते. ह्यांना तसं सुचवलं. हे म्हणाले, “तिकिटाला जेवढे पैसे लागतील, तेवढ्यात काकड्या किती येतील बघ.”

असो. खरा प्रश्न पुढंच होता. वजन गेलं खरं, पण गेलं कुठून? सिडकोची स्थापना १९७० सालची आणि माझी त्यानंतर दहा वर्षांनी. दोघींचे मूळ आराखडे चांगले आटोपशीर होते. पुढं दोघींच्या हद्दीत गरजेपोटी वाढीव बांधकामं झाली. आता ही जी अतिक्रमण हटाव मोहीम चालली, ती फक्त वरच्या मजल्यांवर. चेहरा, गळा, दंड, सगळं साफ. तळमजल्यानं मात्र कुठून तरी स्थगिती आणली असावी. खांदे एका बाईचे आणि त्याखालचा घेर दुसऱ्याच बाईचा, असं माझं संयुक्त खातं तयार झालं.

कपाटातले सगळे पंजाबी ड्रेस आता माझ्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखे दिसायला लागले. गळे खांद्यावरून घसरत, बाह्या कोपराशी लोंबत. एवढं कष्टानं बारीक झाल्यावर लोकांनी म्हणावं काय? “मॅडम, आजारी होतात का?” एक बाई तर काउंटरच्या काचेतून हळूच म्हणाल्या, “घरी सगळं ठीक आहे ना?” ढगळ कपड्यात बारीक झालेलं माणूस सुखी दिसतच नाही. सुख दिसायला फिटिंग लागतं.

मी ह्यांना म्हटलं, “अहो, हे कपडे काढून टाकते आता. बँकेत ९० दिवस हप्ता आला नाही, की कर्ज बुडीतकडं झुकलं असं आम्ही धरतो. इथं तर वर्ष झालं.”

हे हाडाचे अकाउंटंट. म्हणाले, “टाकू नकोस. वजन परत आलं तर? संशयित येण्यांसाठी तरतूद करून ठेवावी लागते.”

बायकोच्या चौदा किलोंना संशयित येणं म्हणणारा नवरा मिळायलाही पत्रिका जुळावी लागते.

शेवटी एका रविवारी मुलीला घेऊन मॉलमध्ये गेले. तिथल्या ट्रायल रूमला तीन बाजूंनी आरसे होते. माणसाला स्वतःची पाठमोरी बाजू देवानं दाखवली नाही, त्यामागं त्याचा काही विचार असेल की नाही? एल साइजचा कुर्ता खांद्यावर झकास बसला आणि कमरेखाली जाऊन अडला. घाटात ट्रक अडावा तसा. डबल एक्सएल खालून सुखरूप उतरला, पण वरून खांदा पार दंडापर्यंत आला. मधला एक्सएल दोन्हीकडं थोडा थोडा वाईट होता. तडजोड म्हणतात ती हीच.

दुकानातली मुलगी माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाली, “मॅम, तुमची बॉडी पेअर शेपची आहे. ॲपल असतं तर हे बसलं असतं.” तुरभ्याला फळबाजार आहे हे मला ठाऊक होतं, पण माझी आवक तिथं होईल असं वाटलं नव्हतं. एवढं सगळं करून शेवटी नासपती!

“मग उभ्या रेषांचं काही दाखव,” मी म्हटलं. उभ्या रेषांनी माणूस बारीक दिसतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तर मुलगी, म्हणजे आमची, कॉलेजात मानसशास्त्र शिकते, ती लगेच म्हणाली, “आई, ते उलटं आहे.” एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं होतं म्हणे, की आडव्या रेषांनी भरलेला चौकोन असतो त्याहून उंच आणि अरुंद भासतो. आणि २००८ साली इंग्लंडात यॉर्कच्या एका प्राध्यापकांनी बायकांची चित्रं दाखवून पाहिली, तेव्हा आडव्या रेषांतली बाईच लोकांना सडपातळ वाटली. मला धक्का बसला. पंचवीस वर्षं मी उभ्या रेषा घालून फिरत होते, त्या फुकटच गेल्या की! पण आमच्या नात्यातल्या बायकांनी हेल्महोल्ट्झ वाचलेला नाही, या विचारानं मी आडव्या रेषाही घेतल्या नाहीत. रिकाम्या हातानं घरी आलो आणि मी चिडून दोन चकल्या खाल्ल्या.

हे एस, एम, एल ठरवतं तरी कोण, असा मला प्रश्न पडला. शोध घेतला तेव्हा मौज कळली. बायकांच्या तयार कपड्यांसाठी अमेरिकेत १९३९-४० साली सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९. आणि ती घेतली कोणी, तर तिथल्या शेती खात्यानं! गृहअर्थशास्त्राचा विभाग त्या खात्यात होता म्हणून. मला पेअर म्हटल्याचा उलगडा तिथं झाला. आपल्याकडच्या दुकानांत बरीच वर्षं चालली ती अशी परदेशी मापं, थोडी इकडंतिकडं करून. सांताक्रूझच्या बाईनं कॅलिफोर्नियाच्या बाईच्या मापात बसायचं आणि बसलं नाही तर स्वतःला दोष द्यायचा. भारतीय अंगाची मापं घेण्याचा मोठा प्रकल्प २०१८ साली जाहीर झाला. मुंबई धरून सहा शहरांत २५ हजारांवर स्त्रीपुरुष, तेही टेपनं नव्हे तर स्कॅनरनं मोजायचे. हे काम हाती घेणाऱ्या निफ्ट संस्थेची मुंबईची शाखा कुठं आहे ठाऊक आहे? खारघरला! वाशीहून पनवेल लोकलनं अर्ध्या तासाच्या आत. माझ्या मापाचा प्रश्न माझ्या शेजारीच सुटत होता आणि मी तीन आरशांत उभी राहून रडत होते.

तुम्ही म्हणाल, एवढी यातायात कशाला? साडी नेसावी. बरोबर आहे. साडीला साइज नसतो. साडेपाच मीटरची पाचवारी कोणालाही उणंदुणं काढत नाही. बाई वाढली की निऱ्या दोन कमी, बाई घटली की दोन जास्त. इतका मोठ्या मनाचा कपडा जगात दुसरा नसेल. पण साडीबरोबर ब्लाउज येतो, आणि तो मात्र तारण मागणाऱ्या मॅनेजरसारखा. एका इंचाचीही सूट नाही.

आणि ब्लाउजचा प्रसंग आलाच. पनवेलला भाचीचं लग्न निघालं. मुलीनं फर्मान काढलं, “आई, तू तुझ्या लग्नातली साडी नेस.” २००४ सालची माझी जांभळी नारायणपेठ. तिच्यावरचा ब्लाउज आईनं स्वतः शिवलेला. आई शिवणकाम करायची. आमच्या दोन खोल्यांत तिच्या यंत्राचा आवाज थांबला की आम्ही झोपेतून जागे व्हायचो.

तो ब्लाउज पहिल्यांदा घालून पाहिला, तेव्हाचं भांडण मला लख्ख आठवतं. मी आतून बघितलं, तर दोन्ही बाजूंना शिवणीत भलंमोठं कापड दुमडलेलं. मी म्हटलं, “हे काय गं एवढं?”

“माया ठेवलीय,” आई म्हणाली. “लागेल तुला.”

“म्हणजे मी जाड होणार असं तुला वाटतं?”

“मी कुठं तसं म्हटलं? दोन बोटं माया असावी.”

मी तेव्हा पंचावन्न किलोंची होते आणि माझा स्वतःवर फार विश्वास होता. लग्नाच्या आदल्या दिवशी मी दोन तास आईशी बोलले नाही. मुलगी झाल्यावर ब्लाउज पहिल्यांदा उसवला. नंतर दिराच्या लग्नात दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, “अजून आहे की आत माया.” पण मलाच लाज वाटली. म्हटलं, राहू दे, दुसरा शिवू. आणि तो साडीच्या घडीत कपाटाच्या तळाशी गेला. आई २०१५ साली गेली. तिला साखर होती, हे तिनं आम्हांला फार उशिरा कळू दिलं. दुसऱ्याच्या छातीकमरेची मापं तोंडपाठ असलेल्या बाईनं स्वतःच्या रक्ताचं माप कधी वेळेवर घेतलं नाही.

ब्लाउज घेऊन आमच्या सेक्टरातल्या मास्तरांकडं गेले. बिल्डिंगच्या जिन्याखाली त्यांचं यंत्र. १९८२ च्या गिरणी संपात लालबागला वडिलांची नोकरी गेली, तेव्हा घर चालवायला आणलेलं. मास्तर बोलतात कमी आणि तोंडात टाचण्या असल्यामुळं बोलतात तेही अर्धंच. आधी मी त्यांच्यासमोर माझी मॉलमधली कैफियत मांडली. त्यांनी टेप काढला, मापं घेतली, वहीत लिहिली. मी चोरून बघितलं. नुसते आकडे. शेजारी पेअर नाही, ॲपल नाही.

“ताई,” टाचण्या काढून ते म्हणाले, “रेडीमेड घेताना सगळ्यांत मोठं माप धरायचं. तुमचं खालचं आहे, ते बसेल असं घ्यायचं. वरचं मी आत घेतो. मोठ्याचं लहान करता येतं. लहानाचं मोठं होत नाही. रेडीमेडला माया नसते ना. कडेला इंटरलॉक मारतात आणि उरलेलं कापून टाकतात.”

आणखी दोन गोष्टी त्यांनी फुकट सांगितल्या. कुर्त्याची उंची अंगाच्या सगळ्यांत रुंद जागेशी संपवू नये, गुडघ्याकडं न्यावी. नाहीतर कडा त्या जागेवर आडवी रेघ मारून दाखवते. आणि बाजूचे कट जरा मोकळे ठेवावेत, म्हणजे कापड ओढलं जात नाही. “लपवायला गेलं की जास्त दिसतं,” ते म्हणाले. “बसेल तसं शिवलं की कोण बघत नाही.” तीन आरशांनी मला जे सांगितलं नाही, ते जिन्याखाली चाळीस वॅटच्या बल्बमध्ये कळलं.

मग त्यांनी ब्लाउज हातात घेतला. उलटा केला. बराच वेळ बघत राहिले.

“कोणी शिवलाय?”

“आईनं.”

त्यांनी मला आतली बाजू दाखवली. उसवलेल्या जुन्या टिपांच्या खुणा होत्या. सुईच्या बारीक भोकांच्या दोन ओळी, एकीच्या पलीकडं दुसरी. त्यांच्याही बाहेर आत्ताची टीप. मी आयुष्यभर लोकांची पासबुकं छापून दिली, पण इतकं स्वच्छ खातं पाहिलं नव्हतं. ही ओळ २००४ ची. ही मुलगी झाल्यानंतरची. ही दिराच्या लग्नातली. सगळ्या नोंदी तारखेवार, खाडाखोड नाही.

“आणि हे बघा,” मास्तर म्हणाले. त्यांनी आत राहिलेली शेवटची घडी नखानं उलगडली. तिथं जांभळं कापड संपलं होतं आणि पुढं बोटभर हिरव्या खणाची पट्टी जोडलेली होती. “साडीतला पीस कमी पडला असणार. म्हणून मायेला वेगळं कापड जोडलंय त्यांनी. एवढं कोण करतं?”

तो खण मी ओळखला. आईचा एकच चांगला ब्लाउज होता, हिरव्या खणाचा. तो माझ्या लग्नात तिनं घातला नव्हता. मी विचारलं होतं, “तो खणाचा का नाही घातलास?” तर म्हणाली होती, “बाही फाटलीय गं.” आम्ही घाईत होतो. कोण बघायला जातं?

मी काही बोलले नाही. मास्तरांनी पुन्हा टाचण्या तोंडात घातल्या, त्यामुळं तेही बोलले नाहीत. त्यांचा हा एक चांगला गुण.

थोड्या वेळानं त्यांनी खडूनं रेघ आखली. ती २००४ च्या ओळीपर्यंत गेली नाही. तेवढी मी बारीक झालेलेच नाही. मुलगी झाल्यानंतरच्या ओळीवर ती बरोबर आली. “इथं टीप मारतो,” ते म्हणाले, “पण आतलं जादा कापत नाही. राहू दे ते.”

“राहू दे,” मी म्हटलं. “लागेल मला.”

लग्नात नारायणपेठ नेसून मिरवले. एक मावशी जवळ आल्या, मला नखशिखांत न्याहाळलं आणि कळवळून म्हणाल्या, “अगं, आजारी होतीस का?” म्हणजे फिटिंगचाही काही उपयोग झाला नाही. पण त्या दिवशी मला राग आला नाही. काखेशी ती खणाची पट्टी मधूनच टोचत होती. कोणीतरी बोटानं ढोसून ‘नीट उभी राहा’ म्हणावं तशी. परवाच्या तपासणीत साखरेचा आकडा ५.६ आला. उंबरठ्यावरून परत फिरून मी चपला पुन्हा पायांत घातल्या आहेत. दिवाळीनंतर दीड किलो परत जमा झालंय, हे मात्र ह्यांना सांगितलेलं नाही. नाहीतर लगेच तरतुदीची भाषा.

गेल्या आठवड्यात मुलीला कॉलेजच्या कार्यक्रमासाठी साडी नेसायची होती. तिचा पहिला ब्लाउज. मास्तरांकडं घेऊन गेले. तिची मापं वहीत उतरवून त्यांनी मला विचारलं, “ताई, माया किती ठेवू?”

“दोन बोटं,” मी म्हटलं. मग जरा विचार करून म्हटलं, “नको, तीन ठेवा.”

मुलगी चमकून माझ्याकडं बघायला लागली. “म्हणजे? मी जाड होणार असं तुला वाटतं?”

आम्ही दोघी घरी परतलो. वाटेत दोन सेक्टर ओलांडले, तरी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.